अट्रॅक्टाची विहीर आणि माझा चष्मा

मे महिन्यातल्या एका शनिवारी, सकाळी साडेदहा ते पावणेबारा एवढ्या वेळात, मी आमच्या गावाचे एकशे चौदा आजार कात्रीने कापून काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत भरले, पिशवीला गाठ मारली आणि वर शीळही घातली.

हेतू चांगला होता. नॉकशाना गावाने त्या वर्षी सुंदर गाव स्पर्धेत उतरायचं ठरवलं होतं. समितीच्या अध्यक्ष डिम्फ्ना रीडी. गावातलं एकमेव दुकान त्यांचं, आणि गावात एकच मत चालतं, तेही त्यांचं. सेक्रेटरी मी, कारण मी बाजाराच्या गावी ख्रिस्ती ब्रदरांच्या शाळेत शिकलो आणि माझं अक्षर वाचता येतं. कामांच्या यादीत ‘विहिरीची बाजू नीट करणे : फर्गल’ असं एक कलम होतं. नीट करणे म्हणजे वाटेवरचं गवत काढणे. ते मी काढलं. पण कात्री हातात राहिलीच, आणि हातात कात्री असलेल्या माणसाला जग फार अस्ताव्यस्त दिसतं.

विहिरीवर एक हॉथॉर्नचं काटेरी झाड वाकलेलं आहे. त्याच्या फांद्यांना चिंध्या, रुमाल, बाळाची लाळेरी, फुटबॉलचा एक मोजा आणि कुणाचा तरी नेकटाय. सगळं उन्हापावसाने करडं पडलेलं. स्पर्धेचा परीक्षक न सांगता येतो म्हणे. मी मनात म्हटलं, हे त्याने पाहिलं तर सुंदर गाव बाजूला राहील आणि भंगारवाला येऊन भाव विचारील.

आता विहिरीचा कायदा सांगायला हवा, म्हणजे माझा गुन्हा किती मोठा ते कळेल. आम्ही तिला टोबर ना सूल म्हणतो, म्हणजे डोळ्यांची विहीर. दगडांनी बांधलेली गुडघाभर पाण्याची कुंडी ती. डोळ्यांसाठी नावाजलेली, पण बाकीच्या दुखण्यांनाही दारातून परत पाठवत नाही. कापडाची पट्टी पाण्यात बुडवायची, दुखऱ्या जागेवरून फिरवायची आणि झाडाला बांधायची. पट्टी कुजत जाते तसं दुखणं जातं. बांधलेल्या पट्टीला दुसऱ्याने हात लावायचा नाही. जो काढील, त्याच्या अंगावर ते दुखणं येतं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मलाही होतं. पण माझा तर्क असा की इतक्या विटलेल्या पट्ट्यांमधली दुखणी केव्हाच उडून गेली असणार, बूच उघडं राहिलेल्या बाटलीतल्या अत्तरासारखी. ब्रदरांनी आम्हाला लॅटिन शिकवलं, अक्कल ऐच्छिक होती.

मी पिशवी खांद्यावर टाकली आणि वळलो, तर वाटेवर अट्रॅक्टा कॉन्सिडाइन उभी.

अट्रॅक्टा म्हणजे विहिरीची राखणदार. हे काही सरकारी पद नव्हे. तिच्या सासूने कुंडीतली पानं काढायची जाळी मरताना तिच्या हातात दिली, त्याला तेव्हा अडतीस वर्षं झाली होती. नवरा पोस्टमन होता, तो गेला. त्याचे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट मागे राहिले, ते ही घालते. वय एकाहत्तर. बांधा लहान, आवाज मोठा. रोज सकाळी पाणी स्वच्छ करायचं, वाटेवरचं शेण उचलायचं आणि आल्यागेल्याच्या कापडाची झडती घ्यायची, हा तिचा दिनक्रम. कारण कापड सुतीच हवं. नायलॉन कुजत नाही; आणि जे कुजत नाही, त्यातलं दुखणं जाणार कसं? तिच्या एप्रनच्या खिशात काडेपेटी असते. कापडाचा एक धागा ओढायचा, काडी लावायची, नाकाशी न्यायचा. जळक्या कागदाचा वास आला तर सुती. वितळून गोळी झाली तर पाहुण्याची खैर नाही. एकदा डब्लिनहून आलेल्या एका बाईंनी चकचकीत रिबीन बांधली, तेव्हा मी ऐकलं होतं : "बाई, हे तीनशे वर्षं टिकेल. तुमचा दमा तुमच्या खापरपणतवंडांना वाटून द्यायचाय का?"

तर ती उभी होती. झाडाकडे तोंड होतं. शेवटी म्हणाली, "वारा वेगळा लागतोय. झाड फडफडत नाहीये. काय केलंस?"

मी सांगितलं. स्पर्धा, परीक्षक, डिम्फ्ना, सगळं.

"सगळ्या?"

"एकशे चौदा. मी मोजल्या."

"मोजल्यास! वा. म्हणजे आपल्याला काय काय होणार आहे त्याची यादी तरी आहे तुझ्याकडे." मग जरा जवळ येऊन तिने विचारलं, "हातमोजे होते का हातात?"

"होते, मिसेस कॉन्सिडाइन."

"हं," ती म्हणाली. "त्याचा काही उपयोग होईल असं वाटत नाही."

बातमी माझ्याआधी गावात पोचली. संध्याकाळी दुकानात गेलो तर पाव कापता कापता डिम्फ्नांनी माझ्या मानेकडे टक लावली. त्यांच्या मानेला तीन वर्षं खाज होती, आणि त्यांची पट्टी खालच्या फांदीला होती.

"खाजतंय का रे काही?"

"नाही."

"सुरुवातीला बारीकच असते," त्या फार मायेने म्हणाल्या आणि दोन पाव जास्त दिले. दुकान उघडल्यापासून त्यांनी कुणाला काही जास्त दिल्याची नोंद नाही.

माझा शेजारी पाकी लेनिहन सहा वर्षं गुडघा घेऊन बसला होता. तो रविवारी सकाळी चर्चच्या पायऱ्या बकऱ्यासारखा चढला. वर जाऊन वळला आणि सगळ्यांसमोर टोपी काढून मला म्हणाला, "फर्गल, लेका, तुझे उपकार विसरणार नाही. पावसाळी हवेत त्याला तेल लाव. डावा आहे बरं का."

प्रार्थना संपेपर्यंत माझा डावा गुडघा खरंच दुखायला लागला. उजवाही दुखत होता. तो कुणाचा होता कोण जाणे.

प्रार्थनेनंतर अट्रॅक्टाने मला दारातच पकडलं. "पिशवी घेऊन घरी ये. ज्याची त्याची पट्टी ज्याच्या त्याच्या फांदीवर, तुझ्याच हाताने परत बांधायची. कुणाची कुठली ते मी सांगते."

मला वाटलं होतं हे अशक्य आहे. एकशे चौदा मळक्या चिंध्या, सगळ्यांचा रंग जुन्या फडक्याचा. तिने पिशवी स्वयंपाकघरातल्या टेबलावर उपडी केली, एकेक उचलली, बोटांत चोळली, नाकाशी नेली आणि खटाखट सांगत सुटली. मी लिहून घेत होतो.

"ही पाकीची. मेंढ्यांच्या औषधाचा वास मेला तरी जायचा नाही. गुडघा, उत्तरेची फांदी. ही खालच्या आळीतल्या जुळ्यांची, दोघींचे कान, एकच गाठ. ही डिम्फ्नाची. बघ, किती आखूड कापलीय! स्वतःच्या मानेसाठीसुद्धा इंचभर कापड जास्त सोडवलं नाही. हा नेकटाय त्या मास्तराचा. तोतरा होता. पुढे आमदार झाला, आता थांबता थांबत नाही. विहिरीने थोडं जास्तच केलं."

चहा दोनदा झाला. सोडा घालून भाजलेला पाव आणि लोणी संपलं. मी खुशीत येऊन टोपी काढून टेबलावर ठेवली होती. तिने पुढचा हात घातला आणि नेमकी माझी टोपीच उचलली. बोटांत चोळली, उलटीपालटी केली, वास घेतला.

"लोकर," ती कपाळाला आठ्या घालून म्हणाली. "लोकर कोणी बांधली? डोक्याचा आजार दिसतोय. जुना आहे. हा काही बरा व्हायचा नाही."

मी मोठ्याने हसलो. अट्रॅक्टाने आजवर माझी जी थट्टा केली, त्यात ही उत्तम होती. मी तिच्याकडे पाहिलं, ती हसेल म्हणून.

ती हसली नाही. टोपी हातात धरून, कोणत्या फांदीवरची ते आठवत बसली होती.

वारा वेगळा लागतोय, ती म्हणाली होती. झाड फडफडत नाहीये. झाड बोडकं दिसतंय, असं म्हणाली नव्हती.

"मिसेस कॉन्सिडाइन," मी हळूच म्हणालो, "ती माझी टोपी आहे."

तिने टोपी टेबलावर ठेवली. नीट, जणू ती काचेची होती. मग उठून किटली पुन्हा चुलीवर ठेवली, त्यात पाणी नसताना.

"किती दिसतं तुम्हाला?"

"तुला कशाला पंचाईत? तू खिडकीजवळ बसलास तर एक ठिपका दिसतो. बोलायला लागलास की तो तू आहेस ते कळतं. ठिपकाच बरा होता."

थोडा वेळ किटली तापत राहिली. मी ती उतरवली. मग तिने ढिगात हात घालून एक पट्टी काढली, न चोळता, न हुंगता. पांढरी, कडेला हाताने भरलेली नक्षी. लग्नातल्या उशीच्या अभ्र्याची होती. मागच्या फांदीला, कुणाची नजर जाणार नाही अशा जागी तिने ती दोन वर्षांपूर्वी बांधली होती. बिचारी पट्टी बरीच कुजत आली होती, दोन धाग्यांवर लटकत होती. तेवढ्यात मी आलो, कात्री घेऊन.

घड्याळामागे एक पत्र होतं. ते मी वाचून दाखवलं, कारण तिला ते वाचता येत नव्हतं आणि दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायचं तर गावभर झालं असतं. शहरातल्या इस्पितळाचं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आधी उजव्याची शस्त्रक्रिया, तारीख परवाच्या नव्हे तर त्यापुढच्या मंगळवारची, सकाळी दहा. तारीख चुकली तर पुन्हा रांगेच्या शेपटीला, म्हणजे दीड वर्ष. आणि दीड वर्षाने, पत्रात लिहिलं नव्हतं पण दिसत होतं, बाईला ठिपकाही दिसला नसता.

"मग जाणार ना?"

"मी?" ती ताडकन म्हणाली. "डोळ्यांच्या विहिरीची राखणदार डोळे दाखवायला इस्पितळात? उद्या पाद्री सैतानाकडे पापं कबूल करायला गेला तर चालेल का तुम्हाला? माझ्या सासूने ही विहीर पंचावन्न वर्षं राखली. तिच्या हयातीत एक माणूस इथून आंधळा गेला नाही. मी गेले की दुसऱ्या दिवशी लोक कुंडीत बिअरचे डबे टाकतील."

"आणि आंधळी राखणदार बघून लोक काय टाकतील?"

"लोकांना कळलेलं नाही."

ती दर रविवारी गाडी घेऊन चर्चला यायची. तिची गाडी वळणावर दिसली की अख्खं गाव आपापल्या गाड्या कुंपणात घालायचं, हात हलवायचं आणि ती गेल्यावर बाहेर काढायचं. पाकी एकदा ट्रॅक्टरसकट खड्ड्यात तासभर बसला होता. हे सगळं मला तेव्हाच लख्ख कळलं. लोकांना दोन वर्षं माहीत होतं. तिला दुखवायला नको म्हणून कुणी बोलत नव्हतं. मरायची तयारी होती, बोलायची नव्हती. आमचं गाव असंच आहे.

मग मला एक युक्ती सुचली. ब्रदरांच्या शाळेचा तेवढा एक उपयोग झाला.

"मिसेस कॉन्सिडाइन, कायदा काय आहे? पट्टी जो काढील, त्याच्याकडे दुखणं जातं."

"जातंच."

"मग तुमची पट्टी मी काढली. म्हणजे तुमचे डोळे बिघडलेलेच नाहीत. आता बिघडलेत ते माझे."

तिने मान वाकडी केली. कायद्याच्या बाबतीत ती फार काटेकोर. "पुढे?"

"पुढे काय, मला शहरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायलाच हवं. पण डोळे असे झालेला मुलगा एकटा कसा जाणार? कुणीतरी वडीलधारं सोबत हवं. तुम्ही माझ्या सोबतीला या. आता तिथे गेल्यावर, आलोच आहोत म्हणून, कुणी तुमच्याही डोळ्यात डोकावलं, तर त्यात विहिरीचा काय अपमान?"

बराच वेळ ती लोण्याच्या सुरीने टेबलावर रेघा ओढत राहिली.

"गावात सांगायचं की तुझे डोळे गेले."

"सांगू."

"सगळ्यांना. डिम्फ्नालासुद्धा."

हे जड होतं. पण मी हो म्हणालो.

"आणि माझी पट्टी तू कुजू दिली नाहीस. तेव्हा तिचं राहिलेलं काम तू करायचं. नऊ सकाळी, न्याहारीआधी, अनवाणी, विहिरीभोवती सात फेऱ्या. सूर्य फिरतो त्या दिशेने. प्रत्येक फेरीला मेरीमातेची एक प्रार्थना, अख्खी हेल मेरी, घाई न करता."

सोमवारी सकाळी तिने कुंडीच्या दगडावर डाव्या बाजूला नऊ खडे मांडले. रोज सात फेऱ्या झाल्या की एक खडा उजवीकडे सरकवायचा. मे महिन्यातलं दंव किती गार असतं हे ज्याला बूट आहेत त्याला कळायचं नाही. वाटेवरचं गवत मी काढलं होतं, त्याचे खुंट तळव्यांत घुसत होते. ती दगडावर बसून फेऱ्या मोजायची, कानाने. "पाचवीला तू हेल मेरी अर्धी गिळलीस. पाचवी पुन्हा." फेऱ्या झाल्या की मी पट्ट्या परत बांधायचो, यादी वाचून, आणि ती खालून गाठी कशा मारायच्या ते ओरडून सांगायची.

माझे डोळे गेल्याचं गावात जाहीर झालं आणि आमच्या गावाने शतकात एवढी मजा केली नसेल. पाकी मला रस्ता ओलांडून द्यायला लागला, माझी इच्छा असो नसो. माझ्या नाकासमोर बोटं नाचवून विचारायचा, "किती?"

"तीन."

"दोनच होती," तो खिन्नपणे सांगायचा, तीन दाखवत. "पोरगं चाललं हातचं."

डिम्फ्नांनी समितीच्या बैठकीत माझ्यासाठी दोन मिनिटं शांतता ठेवायचा ठराव मांडला. त्यांची खाज थांबली होती. पट्टी परत बांधताना ती उगाच घट्ट बांधू नकोस, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

पुढच्या सोमवारपर्यंत आठ खडे उजवीकडे गेले होते. नववी सकाळ मंगळवारची, म्हणजे शहरात जायची. बस साडेसहाला. मी उठलो सव्वासहाला. विहिरीच्या दिशेला फक्त मान वळवून हात जोडले आणि एक बूट हातात घेऊन बस गाठली. अट्रॅक्टा पहिल्या बाकावर बसली होती, चर्चचा कोट घालून.

"सात झाल्या?" तिने विचारलं.

"बस आली," मी म्हणालो.

तिने तोंड खिडकीकडे फिरवलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

इस्पितळात नर्सने रुग्ण कोण म्हणून विचारलं. अट्रॅक्टाने माझ्याकडे बोट दाखवलं. नर्सने कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अट्रॅक्टा तुम्ही?" शेवटी अट्रॅक्टा उठली. आत जाताना दाराशी तिने माझी बाही धरली. पकड घट्ट होती.

"फर्गल, ठिपकासुद्धा गेला तर?"

थट्टा करायची पाळी माझी होती. मला एकही सुचली नाही. मी म्हटलं, "मी इथेच आहे." पहिल्यांदाच तिच्याशी काही साधं बोललो.

पण इथेच बसवेना. गावाला सांगायला काही पुरावा तरी हवा म्हणून मी समोरच्या चष्म्याच्या दुकानात शिरलो आणि डोळे तपासून द्या म्हणालो. त्या माणसाने मला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. मी वाचली. तो म्हणाला, "पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचली. त्याने विचारलं, "तुम्ही गाडी चालवत नाही ना?"

दोन्ही डोळ्यांना चष्मा. चांगला जाड. म्हणे बरीच वर्षं हवा होता. झाडांना पानं वेगवेगळी असतात आणि डोंगराला कडा असते, हे मला त्या काचांमधून पहिल्यांदा कळलं.

रात्रीपुरतं त्यांनी तिला तिथेच ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सने तिच्या उजव्या डोळ्यावरची पट्टी सोडली. मी पलंगाच्या पायथ्याशी, नवा चष्मा लावून. अट्रॅक्टाने डोळा मिचकावला. खिडकी पाहिली. स्वतःच्या हातांकडे पाहिलं, पुढून, मागून, फार वेळ. मग माझ्याकडे.

"हे काय रे?" ती म्हणाली. "आवाजावरून मला वाटायचं तू देखणा असशील." आणि कोटाच्या बाहीने घाईघाईने नाक पुसलं.

चष्मा पाहिल्यावर ती इतकी हसली की नर्सने तिला दटावलं. "गेले! माझे डोळे गेले तुझ्याकडे! बघा हो, बघा! कायदा म्हणजे कायदा!"

गावात हाच निकाल लागला, आणि त्यावर अपील नाही. अट्रॅक्टाला दिसतंय आणि फर्गलला चष्मा. याहून सरळ हिशेब विहिरीने आजवर केला नव्हता. डॉक्टरचं नाव कुणी घेतलं नाही. त्या उन्हाळ्यात विहिरीवर एवढी रीघ लागली की डिम्फ्नांनी दुकानात सुती पट्ट्या कापून विकायला ठेवल्या. आखूड. परीक्षकाचा अहवाल आला, त्यात लिहिलं होतं की विहिरीकाठचं परंपरेचं झाड फार छान आहे, मात्र तिथलं गवत जरा जास्तच कापलेलं वाटलं.

अट्रॅक्टा परतल्यावर पहिल्याच सकाळी झाडाखाली उभी राहिली आणि तिच्या तोंडून जे निघालं, ते विहिरीने आजवर ऐकलं नसेल. आपल्या नजरेला आणि मळाखाली बोटांनाही चकवून दोन वर्षांत अकरा नायलॉनच्या पट्ट्या झाडावर चढल्याचं तिला दिसलं. शिवाय डिम्फ्नाची मान मी पाकीच्या फांदीवर बांधली होती. "आता तिचा गुडघा खाजेल!" ती ओरडली. मग तिने खिशातून इस्पितळातल्या मऊ जाळीच्या पट्टीचा तुकडा काढला, एक धागा ओढला, काडी लावली, वास घेतला. सुती. मागच्या फांदीला उशीच्या अभ्र्याच्या पट्टीशेजारी तो बांधला. डावा डोळा अजून व्हायचा होता, त्यासाठी.

नंतर कुंडीच्या दगडाकडे वळली. आठ खडे उजवीकडे, एक डावीकडे.

"विहिरीने आपलं काम उधारीवर केलं," ती म्हणाली.

"उद्या करतो, मिसेस कॉन्सिडाइन. सातही."

याला तीन वर्षं झाली. मधे पाऊस असतो, न्याहारी झालेली असते, बूट घातलेले असतात. मी विहिरीवरून जातो तेव्हा ती दगडावर बसून पाकीशी नाहीतर कुणा पाहुण्याशी बोलत असते. बोलणं थांबवत नाही. फक्त बोटाने दगडाची डावी बाजू दाखवते. आणि मला आता चष्म्यातून तो खडा पार रस्त्यावरूनही दिसतो.